आधी अक्षांश

मगदूम अण्णांचा रोज सकाळचा एकच सवाल:
"माल कुठल्या देशात आला?"
दिशा नको, मैल नकोत,
नाव पाहिजे,
भट्टीशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिता येईल असं.

कंटेनरच्या दाराला एक डबी चिकटवलीय, काडेपेटीएवढी.
दर सहा तासांनी आभाळाला विचारून
ती दोन आकडे पाठवते.
मी ते उचलते, एका लांबच्या यंत्राच्या खिडकीत सरकवते,
सोबत माझी किल्ली, वीस-बावीस अक्षरांची,
आणि तिकडून दोन अक्षरं परत येतात.
आय एन आलं, म्हणजे अजून आपल्यातच.

पहिल्या दिवशी चाचणी म्हणून
मी माझ्याच टेबलाचे आकडे टाकले होते,
चौऱ्याहत्तर पॉइंट चोवीस, सोळा पॉइंट सत्तर.
उत्तर आलं: रिकामं.
चूक नाही, माफी नाही,
दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही.
खिडकीबाहेर उद्यमनगर होतं,
लेथचा आवाज होता, टेम्पोत चढणारं बीड होतं,
आणि यंत्राच्या लेखी आम्ही कुठंच नव्हतो.

दस्तगीर मामू पस्तीस वर्षं साच्यात वाळू ठासतायत.
कप ठेवता ठेवता म्हणाले,
"उलटं धरलंयस काय गं?
कोअर उलटा बसला की पंप बी असाच होतोय.
दिसतोय झ्याक, पाणी चढत न्हाई."

खरंच उलटं होतं.
शाळेतल्या आलेख-वहीची सवय: आधी आडवं, मग उभं.
पृथ्वीला ते चालत नाही.
आधी अक्षांश.

उलट्या कोल्हापूरचा ठिकाणा मग मुद्दाम शोधला.
नॉर्वेच्याही वर, गार पाण्यात,
जिथं हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवत नाही.
मनातल्या मनात तिथं मी मिरजकर तिकटी ठेवून पाहिली,
रिक्षा स्टँडसकट.
तरंगली थोडा वेळ.

आकडे सरळ केल्यावर आय एन आलं
तेव्हा मामूंनी विचारलं,
"आमचा बा जल्मला तवा हेच आकडे घातले असते तर?"
मी म्हटलं, संस्थान आलं असतं.
"बघ," म्हणाले, "आणि आम्ही तर
जागचं हाललोबी न्हाई."

अकराव्या दिवशी पुन्हा रिकामं.
आकडे तपासले, क्रम तपासला, किल्ली तपासली.
सगळं बरोबर.
अण्णा चपलेसकट आत आले.
"हरवला?"
नाही अण्णा, आहे. अरबी समुद्रात आहे.
"मग देश?"
तिथं देश नाही.
"असं कसं? कुणाचं तरी असंलच की."
किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंत कुणाचं तरी असतं,
पुढं नसतं, मी म्हटलं.
ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले,
बांधावरून दोन पिढ्या कोर्टात गेलेला माणूस,
मग खडू घेऊन लिहिलं: पाणी.

त्या रात्री मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली.
उत्तर रिकामं आलं, तर लिही पाणी.

पाणी. पाणी. पाणी. पाणी.
मग सुएझला दोन वेळा इजिप्त.
भट्टीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मग परत पाणी.

त्या पंपांतल्या एकाच्या पोटात, आतल्या बाजूला,
मामूंच्या अंगठ्याचा ठसा आहे.
ओल्या वाळूत उठला, बिडात उतरला,
ग्राइंडरवाल्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं.
तो आत्ता कुठल्या देशात, हे विचारायचंय मला.
पण महिन्याला हजारच सवाल फुकट मिळतात,
नऊशे ब्याण्णव झालेत,
आणि सकाळी अण्णा येतील.